आधी कोण, हे कोणी ठरवायचं?

साशंक : माझी पहिली हरकत अगदी मुळाशी आहे. संख्यांना क्रम असतो. सात नऊच्या आधी येतो यावर कोणी वाद घालत नाही. पण ‘विद्यार्थी’, ‘ऑर्डर’, ‘कर्मचारी’ अशा ऑब्जेक्टांना कसला क्रम? दोन कर्मचाऱ्यांमध्ये आधी कोण, हा प्रश्न निकष सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. कोणी पगारानं लावेल, कोणी रुजू झाल्याच्या तारखेनं, कोणी आडनावानं. तरीही आपण क्लासच्या आतच ‘कंपेअरटू’ मेथड लिहून मोकळे होतो, आणि त्या दिवसापासून कर्मचारी म्हटलं की पगाराचा क्रम, असं सगळ्या प्रोग्रॅमनं गृहीत धरायचं. वर्षभरानं दुसरा कोणी ती यादी सॉर्ट करतो तेव्हा त्याला माहीतही नसतं की त्याच्या वतीनं कुणीतरी आधीच निवाडा देऊन ठेवलाय.

उत्साही : ही हरकत क्लासच्या आत लिहिण्यावर आहे, तुलनेवर नाही. तिचं उत्तर जावानं १९९८ सालीच दिलं. त्या वर्षीच्या १.२ आवृत्तीत ‘कंपेअरेबल’सोबत ‘कंपॅरेटर’ आला. क्लासला हात न लावता तुलनेचा नियम बाहेर, वेगळा लिहायचा आणि सॉर्ट करताना हाती द्यायचा. पगाराचा एक, तारखेचा एक, आडनावाचा एक. सी भाषेतलं ‘क्यूसॉर्ट’ त्याच्याही कितीतरी आधीपासून हेच करतं : तुम्ही फक्त दोन वस्तूंमधला निवाडा सांगा, बाकी काम माझं. पहिली आधी असेल तर ऋण संख्या, नंतर असेल तर धन, फरक नसेल तर शून्य. एवढ्याशा करारावर सॉर्ट चालतं, बायनरी सर्च चालतं, प्रायॉरिटी क्यू चालते, ट्रीमॅप चालतो. मी चार ओळी लिहितो आणि दुसऱ्याच्या मेहनतीची अख्खी लायब्ररी माझ्या कामाला लागते.

आणि नियम लिहिलाच नाही तर निवाडा होत नाही असं थोडंच आहे? तो आधीच ठरलेला असतो, फक्त तुम्ही ठरवलेला नसतो. जावास्क्रिप्टमध्ये १, २, ९, १० हे आकडे नुसते सॉर्ट करून बघा. १, १०, २, ९ असं हातात येतं, कारण नियम दिला नाही तर ती भाषा आकड्यांची अक्षरं करून तुलना करते. आपल्या लिपीचं उदाहरण तर रोजचं आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ला जागा मिळाली ती ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी. म्हणून साध्या सॉर्टमध्ये ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर. आपण शाळेत वर्णमाला म्हणतो ती मात्र ‘स, ह, ळ, क्ष, ज्ञ’. त्या हिशेबानं कावळे आधी यायला हवेत. सभासदांची यादी, मतदारांची यादी, शब्दकोश, ग्रंथालयाची सूची, सगळीकडे हा फरक पडतो. इथे स्वतःचा नियम द्यायचा नाही तर काय करायचं?

साशंक : ‘ळ’चं मला शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी तुम्ही स्वतः काही लिहू नका, असंच मी सांगेन. भाषांच्या वर्णक्रमांसाठी तयार कोलेटर आहेत. मराठीचे नियम त्यांत जाणकारांनी बसून ठरवलेत. तुम्ही ‘ळ’ शेवटी नेलात की लगेच ‘क्ष’ समोर येतो. तो ‘क’च्या पोटात धरायचा की ‘ळ’नंतर स्वतंत्र? मग अनुस्वार. ‘कंस’ कुठे बसवायचा? मग पोटफोड्या ष आणि ‘ऱ्या’मधला र. एका दुपारी लिहिलेल्या चार ओळींत हे बसत नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही म्हणालात, दोन वस्तूंमधला निवाडा सांगा. तो करार दोन वस्तूंपुरता नाहीच, तीन वस्तूंचा आहे. अ हे ब च्या आधी आणि ब हे क च्या आधी असेल, तर अ हे क च्या आधी असायलाच हवं. तुमचं फंक्शन एका वेळी दोनच वस्तू बघतं, त्यामुळे ते लिहिताना तिसरी तुमच्या डोळ्यांसमोर नसते. एक साधा नियम घ्या, कोणत्याही दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये सापडेल असा : दोन्ही वस्तूंची किंमत माहीत असेल तर स्वस्त आधी, नाहीतर नावाप्रमाणे. वाचायला किती समंजस वाटतं. आता तीन वस्तू ठेवा. अडकित्ता, किंमत ३०० रुपये. कढई, किंमत अजून भरलेली नाही. झारा, १०० रुपये. अडकित्ता आणि कढई यांत एकाची किंमत नाही, म्हणून नाव बघायचं, अडकित्ता आधी. कढई आणि झारा, तेच, कढई आधी. म्हणजे क्रम झाला अडकित्ता, कढई, झारा. आता अडकित्ता आणि झारा विचारा. दोन्हींची किंमत आहे, झारा स्वस्त, म्हणून झारा आधी! फिरून परत तिथेच. तीन जोड्या सुट्या तपासल्या तर एकीतही खोट नाही, आणि तिन्ही मिळून क्रमच शिल्लक राहत नाही. फ्रान्समध्ये काँदोर्सेनं १७८५ साली मतदानाच्या बाबतीत हेच दाखवलं होतं : प्रत्येक मतदाराची पसंती सरळ असली तरी बहुमताची पसंती गोल फिरू शकते. तुमच्या फंक्शनमधले दोन निकष म्हणजे तसेच दोन मतदार आहेत.

उत्साही : आणि ती चूक जावा पकडते. २०११ च्या जावा ७ पासून ऑब्जेक्टांच्या सॉर्टसाठी टिमसॉर्ट आलं. टिम पीटर्स यांनी ते २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलं होतं. तुलना अशी गोल फिरत असली की ते एक्सेप्शन फेकतं : तुलनेच्या मेथडनं आपला करार मोडलाय. रस्टनं २०२४ च्या १.८१ आवृत्तीत हेच धोरण घेतलं. क्रम जुळत नसेल तर सॉर्ट थेट थांबू शकतं. गप्प बसून चुकीची यादी देण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

साशंक : पकडते असं म्हणू नका, कधीकधी तिच्या हाताला लागते असं म्हणा. टिमसॉर्ट तुमचा करार तपासायला बसलेलं नाही. मर्ज करता करता एखाद्या ठिकाणी हिशेब जुळेनासा झाला तरच ते ओरडतं. यादीत ३२ पेक्षा कमी वस्तू असल्या तर जावामध्ये मर्ज होतच नाही. बायनरी इन्सर्शन सॉर्टवर काम भागतं आणि तिथे ही तपासणी नाही. आता आपण टेस्ट कशा लिहितो ते आठवा. तीन, पाच, फार तर दहा वस्तू. सगळ्या टेस्ट हिरव्या. मग कोड प्रॉडक्शनला जातो, यादी काही हजारांची होते, आणि एका रात्री त्यातल्या कुठल्यातरी विशिष्ट क्रमामुळे एक्सेप्शन येतं. सकाळी तोच डेटा थोडा बदललेला असतो, म्हणून काही सापडत नाही. जावा ७ वर आल्यावर कित्येक टीमांना हे भोगावं लागलं, आणि त्यांच्यासाठी जुनं मर्जसॉर्ट परत चालू करायची एक सेटिंगही ठेवलेली होती. ती चालू केली की ओरडणं थांबतं. यादी चुकीचीच राहते.

सी++ मध्ये तर ओरडण्याचीही हमी नाही. तिथे ‘पेक्षा लहान’ असा निवाडा द्यायचा असतो. चुकून ‘पेक्षा लहान किंवा समान’ लिहिलंत, म्हणजे एक बरोबरचं चिन्ह जास्त पडलं, आणि सारख्या किमतीचे बरेच घटक समोर आले, की सॉर्ट अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर वाचत सुटू शकतं. प्रोग्रॅम कोसळला तर नशीब म्हणायचं.

उत्साही : ठीक. मग चूक होऊच नये अशी रीत सांगतो. २०१४ च्या जावा ८ पासून मी हातानं जर-तर लिहितच नाही. ‘आधी किमतीनं, किंमत नसलेले शेवटी, मग नावानं’ हे मी साखळीत सांगतो; कंपॅरेटरला तशा तयार मेथड आहेत. या साखळीचा एक गुण आहे. प्रत्येक कडी स्वतः नीट क्रम लावत असेल, तर साखळीही नीटच लावते, त्याला अपवाद नाही. तुमच्या उदाहरणातली गडबड किंमत आणि नाव हे दोन निकष असल्यामुळे झाली नाही. कोणता निकष लागू करायचा हे समोरच्या जोडीकडे बघून बदलत होतं, म्हणून झाली. कढईची किंमत नाही, तर कढई सगळ्या किमतीवाल्यांच्या मागे, कोणीही समोर असो. वस्तूची जागा तिच्या स्वतःच्या माहितीवरून ठरली पाहिजे.

साशंक : म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात. वस्तूची जागा तिच्या स्वतःच्या माहितीवरून ठरत असेल, तर ती माहिती काढा आणि तिच्यावरून सॉर्ट करा. तुलनेचं फंक्शन हवंच कशाला? पायथननं हाच विचार केला. २००४ मध्ये सॉर्टला ‘की’ देण्याची सोय आली, आणि २००८ मध्ये पायथन ३ निघालं तेव्हा तुलनेचं फंक्शन देण्याची जुनी सोय काढूनच टाकली. किंमत आणि नाव यांची जोडी करा, ती जोडी म्हणजे की. कीमध्ये साध्या संख्या आणि अक्षरं असली की क्रम गोल फिरण्याचा प्रश्नच मिटतो. शिवाय कामही कमी. दहा लाख वस्तूंचं सॉर्ट म्हणजे साधारण दोन कोटी तुलना. तुमचं फंक्शन दोन कोटी वेळा चालणार, की मात्र दहा लाख वेळाच काढावी लागते.

उत्साही : जिथे की निघते तिथे मीही कीच वापरीन. पण प्रत्येक ठिकाणी निघत नाही. आडनाव उलट्या क्रमानं आणि शहर सुलट्या क्रमानं हवं असेल तर? आकड्यापुढे उणे लावता येतं, आडनावापुढे काय लावणार? आणि एक सुंदर उदाहरण देतो. काही आकडे दिलेत, ते शेजारी शेजारी मांडून मोठ्यात मोठी संख्या करायची. ३ आणि ३० दिले तर ३ आधी, कारण ३३० ही ३०३ पेक्षा मोठी. ३ आणि ३४ दिले तर ३४ आधी, कारण ३४३ मोठी. इथे नियम सहज सुचतो तो तुलनेच्या रूपातच : दोन्ही क्रमांनी जोडून बघा, मोठा होईल तो क्रम ठेवा. विचार करणाऱ्या माणसाला तो लगेच दिसतो. एकेका आकड्याची सुटी की शोधायला मात्र बराच वेळ डोकं खाजवावं लागतं. पायथनलाही हे पटलं असावं, कारण नंतर २.७ आणि ३.२ आवृत्त्यांत तुलनेच्या फंक्शनला कीचं रूप देणारी सोय त्यांनी लायब्ररीत ठेवली.

साशंक : उदाहरण खरोखर सुंदर आहे, पण त्यातली जबाबदारी बघा. हा नियम गोल फिरत नाही हे सिद्ध करावं लागतं. सिद्धता आहे, आणि ती दिसताक्षणी उमजणारी नाही. नियम सहज सुचला म्हणजे तो खरा ठरत नाही. ‘आकडे वजा करा आणि उत्तर परत द्या’ हा नियमही सहज सुचतोच की. आपल्यातल्या बहुतेकांनी तो कधी ना कधी लिहिलाय. बँकेच्या खात्यांतल्या शिलका पैशांत ठेवल्यात समजा. एका खात्यात दोन कोटी रुपये, म्हणजे २०० कोटी पैसे. दुसरं खातं वीस लाखांनी उणे, म्हणजे उणे २० कोटी पैसे. वजाबाकी २२० कोटी. ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. २२० कोटी त्यात बसत नाहीत, चिन्ह पालटतं आणि उत्तर ऋण येतं. झालं : दोन कोटींचं खातं कर्जातल्या खात्याच्या खाली!

दुसरा नियम, परीक्षेच्या निकालांसाठी : अर्ध्या गुणापेक्षा कमी फरक असेल तर दोघं सारखे. दयाळू वाटतो. ८०, ८०.४, ८०.८. पहिले दोन सारखे, शेवटचे दोन सारखे, पहिला आणि तिसरा मात्र सारखे नाहीत. मधला कोणाच्या बरोबरीचा? यादी कोणत्या क्रमानं आत गेली त्यावर निकाल अवलंबून राहणार.

आणि तिसरा, जो पाहून मला अजूनही वाईट वाटतं. २०१० साली युरोपीय आयोगाबरोबरच्या समझोत्यानुसार मायक्रोसॉफ्टनं तिथल्या विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवायला सुरुवात केली. पहिल्या पाच ब्राउझरांचा क्रम दर वेळी यादृच्छिक असायला हवा होता, कोणालाही झुकतं माप नको म्हणून. कोडमध्ये सॉर्ट वापरलं होतं आणि तुलनेचं फंक्शन नाणेफेकीसारखं उत्तर देत होतं. कधी ऋण, कधी धन. सॉर्टला खोटी साक्ष दिली की जागा समसमान वाटल्या जात नाहीत. कोणता ब्राउझर कुठे येतो याचा तोल स्पष्ट ढळला होता आणि लोकांनी मोजून तो दाखवून दिला. पत्ते पिसण्याची योग्य रीत कित्येक दशकं पुस्तकांत आहे. कंपनीनं नंतर कोड दुरुस्त केला.

उत्साही : या तिन्हींवर मी वाद घालणार नाही. वजाबाकी करू नये, तयार तुलनेची मेथड वापरावी. जवळपासचे गुण सारखे धरायचे असतील तर आधी गुण राउंड करून मग तुलना करावी. पिसायचं असेल तर सॉर्टच्या वाटेलाच जाऊ नये. पण तुमच्या दुसऱ्या उदाहरणानं मला एका गोष्टीकडे ओढलंय, आणि मला वाटतं सगळा पेच तिथेच आहे. शून्य.

ऋण आणि धन यांचा अर्थ सरळ आहे. शून्याचा काय? तुलनेची मेथड शून्य देते तेव्हा ती म्हणते, माझ्या निकषांत या दोघांत फरक नाही. वस्तू एकच आहे असं ती म्हणत नाही. तरी जावाचा ट्रीसेट तसंच समजतो. बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० ठेवा. ‘इक्वल्स’ विचारलं तर ते वेगळे, ‘कंपेअरटू’ विचारलं तर शून्य. हॅशसेटमध्ये दोन्ही राहतात, ट्रीसेटमध्ये एकच उरतो. आता निकष फक्त आडनाव असा कंपॅरेटर देऊन विद्यार्थी ट्रीसेटमध्ये भरा : पहिला ‘पाटील’ राहील, बाकीचे सगळे पाटील निघून जातील, आणि कुठलीही चूक दाखवली जाणार नाही. इथे मी उत्साही असूनही सावध होतो.

साशंक : आणि यादीमध्ये? तिथे कोणी गायब होत नाही, पण कागदावर दोघांना एकाच ओळीत बसवता येत नाही. शून्य आलं तरी एक वर छापला जातो, एक खाली. सॉर्ट स्टेबल असेल तर आधी जो वर होता तोच वर राहतो. म्हणजे ज्याचा अर्ज आधी आला तो, किंवा डेटाबेसनं ज्याला आधी वाचलं तो. कोणीही न लिहिलेला निकष लागू झाला. जावास्क्रिप्टमध्ये तर २०१९ च्या मानकापर्यंत स्टेबल असण्याची सक्तीही नव्हती. क्रोमच्या जुन्या इंजिनात दहापर्यंतच्या यादीत सारख्यांचा क्रम टिकायचा, अकरावा घटक आला की विस्कटू शकायचा. पडद्यावर बघणाऱ्याला वाटणार, वरचा श्रेष्ठ.

उत्साही : म्हणूनच शून्य येऊच नये इतकी साखळी लांबवायची. जेईई मेनमध्ये एकूण गुण सारखे असले की आधी गणित बघतात, मग भौतिकशास्त्र, मग रसायनशास्त्र, मग चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण. नीटमध्ये जीवशास्त्र पहिलं. परीक्षा ज्या शिक्षणासाठी, त्याचा विषय आधी. यात तर्क आहे. तो तर्क कोडमध्ये एका ओळीत उतरतो, कोणालाही वाचता येतो. स्वतः लिहिलेल्या तुलनेचा याहून मोठा मान कोणता?

साशंक : पहिल्या तीन कड्यांपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पुढे? जेईईमध्ये काही वर्षं वयानं मोठ्या उमेदवाराला वरचा क्रमांक मिळायचा, काही वर्षं नाही. वयाचा गणिताशी काय संबंध? साखळी जसजशी लांबते, तसतशी तिची शेवटची टोकं गुणवत्तेपासून लांब जातात. त्यांचं काम एकच उरतं, शून्य मिटवणं. १४ जुलै २०१९ चा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना आठवा. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हरमध्ये १५ आणि १५. मग शेवटची कडी लागली : चौकार-षटकार. २६ विरुद्ध १७, विश्वचषक इंग्लंडकडे. नियम आधीपासून लिहिलेला होता, सगळ्यांना लागू होता, गोल फिरत नव्हता, तुमच्या कंपॅरेटरच्या सगळ्या अटी पाळत होता. तरी आयसीसीनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो काढून टाकला आणि सुपर ओव्हर पुन्हा खेळवायचं ठरवलं. गणितात तो निर्दोष होता. खेळाविषयी मात्र त्याला काहीच म्हणायचं नव्हतं.

उत्साही : पण चषक एकच होता. कॉलेजातली शेवटची जागाही एकच असते. तुमचं शून्य मी मान्य केलं आणि दोघांना एकच क्रमांक छापला, तरी प्रवेशाच्या दिवशी कोणीतरी त्या दोघांतला एक निवडणारच. मी साखळीत कडी घातली नाही, तर ती कडी खिडकीवर बसलेला माणूस घालेल, आणि ती कुठे लिहिलेलीही नसेल. वयाचा निकष चुकीचा असेल, पण तो दिसतो. दिसतो म्हणून त्यावर भांडता येतं, आणि लोक भांडले आहेत.

साशंक : लपलेल्या निकषापेक्षा दिसणारा बरा, हे मान्य. पण दिसणारा म्हणजे योग्य, असं त्यातून निघत नाही. आपण प्रोग्रॅमर इथे एक गफलत करतो. शून्य आलं की आपल्याला ते अपुरं काम वाटतं, टेस्ट लाल झाल्यासारखं. म्हणून आपण हाताशी असलेलं काहीतरी जोडतो; अर्ज क्रमांक, तयार झाल्याची तारीख, आयडी. यादी दर वेळी त्याच क्रमानं यावी एवढ्यासाठी आयडी जोडणं योग्यच आहे. पण तोच क्रम पुढे कोणी गुणवत्तायादी म्हणून छापला, की आयडी निकष होऊन बसतो. कडी एकच, तिचं काम दोन ठिकाणी दोन वेगळं, आणि कोडमध्ये ते ओळखण्याची काही खूण नाही.

उत्साही : तर मग खूण करू या. निवाड्याच्या कड्या वेगळ्या, आणि फक्त यादी स्थिर ठेवण्याची कडी वेगळी, नावासकट. क्रमांक देताना पहिल्याच वापरायच्या आणि शून्य आलं तर तोच क्रमांक दोघांना. पण जागा एकच उरली तर काय, याचं उत्तर मी तुम्हाला अजूनही देऊ शकत नाही.

साशंक : मलाही येत नाही. माझी मागणी तेवढ्यापुरतीच आहे. तुलनेची मेथड लिहिलीत की तीन-तीन वस्तू घेऊन तिची टेस्ट करा, आणि ती टेस्ट हजारांच्या यादीवर चालवा. आणि तिच्यात शून्य केव्हा येतं हे वर साध्या मराठीत, दोन ओळींत लिहा, म्हणजे ज्यानं ते ठरवायला हवं त्याच्यापुढे नेता येईल.

उत्साही : ते मी आजच लिहीन. कोणापुढे न्यायचं, ते मात्र तुम्ही शोधून सांगा.